प्रश्न न विचारणारे सर

सर डोळे मिटून बसले की लोकांना वाटायचं, यांना झोप लागली. मलाही पहिले काही आठवडे तसंच वाटायचं. पुढे कळलं, की बहुतेक वेळा ते ऐकत असायचे आणि कधी कधी त्यांना खरंच झोप लागलेली असायची. या दोन्हींतला फरक त्यांना स्वतःलाही नीट सांगता आला नसता. मी एकदा धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "अगं, मधल्या जागेतच चांगलं ऐकू येतं. पूर्ण जागा माणूस स्वतःचंच ऐकत असतो."

श्रीरामपुरात खतं-बियाण्यांच्या एका दुकानावर आमचं ऑफिस होतं. जिना चढताना औषधांचा उग्र वास नाकात बसायचा आणि वर आल्यावर कॉम्प्युटरच्या पंख्यांची मंद घरघर कानात बसायची. दुपारी खिडकीतून ऊन आत आलं की त्यात खालच्या पोत्यांची धूळ तरंगायची. मला ज्यांच्या हाताखाली काम शिकायचं होतं ते सर दोन खुर्च्या समोरासमोर लावून त्या उन्हात पाय सोडून बसायचे. आमचे शेठ, म्हणजे मालक, जिन्यातून येताना मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे. सर डोळे न उघडता म्हणायचे, "या शेठ, जागाच आहे."

आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. दूध संस्था, पतसंस्था, शाळा, मंगल कार्यालयं यांना लागेल ती माहिती कॉम्प्युटरवर ठेवायची आणि लागेल तेव्हा समोर आणायची, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण 'लागेल ती' या दोन शब्दांत सरांचं सगळं आयुष्य गेलं होतं.

मी तिसगावची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. माझ्या पदवीचा फोटो आईनं देव्हाऱ्याच्या बाजूला लावला आहे आणि देवांना हळदकुंकू वाहताना तिचं बोट त्या काचेलाही लागतं. श्रीरामपुरात आत्याच्या घरी राहून मी ही नोकरी करत होते, पण ती कच्ची होती. शेठ म्हणाले होते, "काम बघू, मग ऑर्डर काढू." आणि निघताना वडिलांनी एस.टी.च्या खिडकीशी उभं राहून बजावलं होतं, "पर्मनंट झालीस तर ऱ्हा तिकडं. न्हाई झालीस तर गुमान घरी यायचं. उगं परगावात लोंबकळत ऱ्हायचं न्हाई." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. चुलत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासाठी खुर्ची रिकामी ठेवलेली होती. ती खुर्ची मला स्वप्नात दिसायची. मी त्या खुर्चीत बसले आहे आणि मशीनमधून एकाच कागदाच्या प्रती निघत आहेत, निघतच आहेत.

पहिल्या दिवशी सरांनी माझ्या कॉलेजच्या वह्या चाळल्या. ग्राहकाची गरज कशी समजून घ्यावी यावर आम्हाला आख्खा धडा होता. मुलाखत घ्यावी, प्रश्नावली भरून घ्यावी, बैठक घ्यावी. मला तो इंग्रजीत तोंडपाठ होता. सरांनी पानं उलटली, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाले, "छान आहे. फक्त यात कुठेच कोणी गप्प बसलेलं नाही."

मग त्यांनी मला नियम सांगितला. नवीन ठिकाणी गेल्यावर सुरुवातीचे बरेच दिवस काही विचारायचं नाही.

"मग कळणार कसं, सर?"

"विचारलंस की ते उत्तर देतील," सर म्हणाले. एखाद्या आजाराचं लक्षण सांगावं तसा त्यांचा स्वर होता.

"उत्तर मिळालं तर बरंच की."

"तीच तर भीती आहे. काय पाहिजे असं विचारलं की माणूस घाबरतो. आपण अडाणी ठरू नये म्हणून काहीतरी सांगतो, शेजारच्या संस्थेत बघितलेलं सांगतो. आपण ते बनवतो. मग ते कोणी वापरत नाही आणि सगळे एकमेकांशी फार गोड वागतात."

"मग करायचं काय?"

"बसायचं. स्वतःला काय पाहिजे ते माणसाला सांगता येत नाही, पण दिवसभर तो तेच बोलत असतो. फक्त आपल्याशी बोलत नसतो."

बसण्यासाठी सरांकडे एक बसकर होतं. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या विणून केलेलं, लाल आणि हिरवं, मध्ये झिजून जवळजवळ पांढरं झालेलं. त्याची गुंडाळी काखेत मारून ते कुठेही जायचे आणि एखादा कोपरा बघून, भिंतीला पाठ लावून बसायचे. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाची एक बाजू पँटमध्ये आणि एक बाहेर, डोळे मिटलेले. लोकांना काही उमगायचं नाही. एका पतसंस्थेत त्यांना वसुलीसाठी धरणं धरून बसलेला ठेवीदार समजून मॅनेजरनं चहा पाजला. एका शाळेत दोन पालकांनी त्यांना ज्योतिषी समजून मुलांच्या पत्रिका दाखवल्या. सरांनी त्या पत्रिका मन लावून पाहिल्या आणि "मुलाला थोडं खेळू द्या" असं सांगितलं. पालक समाधानानं गेले.

एका दूध संस्थेच्या सचिवांना पानभर रकान्यांचा अहवाल हवा होता. सर पहाटे कॅनच्या रांगेशेजारी बसकर टाकून बसायचे. धुक्यातून सायकली यायच्या, मोटारसायकली यायच्या, बादल्यांच्या कड्या वाजायच्या आणि दुधाच्या वाफेत सगळ्यांचे चेहरे पुसट व्हायचे. सरांना दिसलं, की संकलन संपत आलं की सचिव दारातून वाकून रस्त्याकडे बघतात आणि स्वतःशीच पुटपुटतात, "आज कोन कोन न्हाई आलं?" सरांनी तो अहवाल तर बनवलाच, पण स्क्रीनच्या माथ्यावर एक ओळ टाकली: रोज येणारे, आज अजून न आलेले. पहिल्या दिवशी ती ओळ उमटली तेव्हा सचिव तिच्याकडे बघत राहिले. मग शिपायाला म्हणाले, "आरं, नानीला फोन लाव. म्हातारी पडली-बिडली न्हाई ना बघ." नानी पडली नव्हती, तिची म्हैस व्यायली होती. पानभर रकान्यांचा अहवाल पुढे कोणी उघडल्याचं मी पाहिलं नाही.

सगळीकडे असं गोड झालं असं मात्र नाही. एका साड्यांच्या दुकानात सर गादीवर कितीतरी दिवस बसून होते. बायका त्यांना साडी दाखवून "काका, ही बरी का ती?" असं विचारायच्या आणि ते मनापासून मत द्यायचे. शेवटी त्यांनी दुकानदाराला सांगितलं, "तुम्हाला कॉम्प्युटर नको आहे. तुम्हाला दुपारी एक तास झोप पाहिजे आहे." दुकानदारानं काम दिलं नाही, पण दुपारी दुकान बंद ठेवायला लागला.

शेठ त्या दिवशी जिन्यात खाकरलेच नाहीत, थेट वर आले. "सर, आपण कॉम्प्युटर विकतो. झोप नाही विकत."

"हो ना," सर म्हणाले. "म्हणून तर त्यांना नाही म्हटलं."

सरांना सगळ्यात जास्त भीती वाटायची ती एका शब्दाची. तो शब्द 'चालंल'. आमच्या जिल्ह्यात कुठेही जा, स्क्रीन दाखवली की समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "चालंल." मला सुरुवातीला तो होकार वाटायचा. सर म्हणायचे, "मुलगी बघून झाल्यावर मुलाचे मामा 'कळवतो' म्हणतात ना, तसं हे 'चालंल' आहे. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून केलेली सोय. 'हे काय केलंय येड्यावानी?' असं कोणी म्हणालं की समजावं, तो आता आपल्याशी खरं बोलतोय."

पुढे सर ऑफिस सोडून गेले. एक दिवस दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या आणि खुंटीवर बसकर नव्हतं. ते कोकणात बहिणीकडे राहतात असं कळलं. त्यांचा फोन बहुतेक बंद असतो. लागलाच तर ते फारसं बोलत नाहीत. पलीकडून चिमण्या ऐकू येतात, कुठेतरी रहाट फिरल्यासारखा आवाज येतो आणि मी आपली सांगत राहते. फोन ठेवल्यावर वाटतं, खूप बोलणं झालं.

पण मला जे लिहायचं आहे ते सर ऑफिसात असतानाच्या, पुणतांब्याकडच्या कामाबद्दल.

तिकडच्या एका पाणीवापर संस्थेनं आम्हाला काम दिलं होतं. कालव्यातून एक चारी निघते. चारी म्हणजे लहान कालवा, तिच्या कडेला ओळीनं शेतं. धरणातून पाणी सोडलं की, म्हणजे आवर्तन सुरू झालं की, ते चारीच्या तोंडापासून शेवटापर्यंत वाहत जातं आणि मग एकेकाची भिजवायची पाळी लागते. चारीच्या शेवटाला सगळे 'टेल' म्हणतात. टेलच्या लोकांचं आयुष्य वाट बघण्यात जातं. संस्थेचं म्हणणं होतं, की प्रत्येकाला आपली पाळी मोबाईलवर कळावी.

मी ते जीव ओतून केलं. प्रत्येकाचं नाव, गट नंबर, पाळीचा वार, सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ. संस्थेच्या पत्र्याच्या ऑफिसात मी ते दाखवलं. चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं.

"लई भारी केलंय पोरीनं," आबा म्हणाले. "चालंल की."

"चालंल," दुसरे म्हणाले.

"चालंल, चालंल," दारातले म्हणाले.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते. बाहेर ऊस, मका, पुन्हा ऊस, आणि त्यावर संध्याकाळचं पिवळं ऊन सांडलेलं. मला सगळं आपलं वाटत होतं. मी दाखवत असताना बाहेर बसून राहिलेल्या सरांनी शेजारून विचारलं, "किती जण चालंल म्हणाले?"

"सगळेच, सर!"

सरांनी डोळे मिटले. "मग हरलो गं आपण."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेठ आणि सर समोरासमोर उभे होते. शेठ माणूस वाईट नव्हते, पण त्यांनाही दुकान चालवायचं होतं. "सर, गिऱ्हाईक हो म्हणतंय आणि तुम्ही नाही म्हणताय. हे कुठलं शास्त्र?"

"ते हो म्हणालेच नाहीत."

"मग काय म्हणाले?"

"चालंल म्हणाले."

शेठनी कपाळावर हात मारला. मग मला खाली दुकानात बोलावलं आणि पोत्यांच्या आडोशाला म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकट्या जा आणि चेअरमनची सही घेऊन या. काम मिळालं, पसंत आहे, बास. सही आली की मी तुमची ऑर्डर काढतो."

"पर्मनंट?"

"पर्मनंट."

मी वर जाऊन सरांना ते जसंच्या तसं सांगितलं. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते खिडकीतून खाली चाललेल्या उसाच्या ट्रॉलीकडे बघत म्हणाले, "जा. तुझी नोकरी आहे, जायलाच पाहिजे." मग उठले, खुंटीवरून बसकर काढलं आणि माझ्या हातात दिलं. "फक्त सही मागायच्या आधी थोडं बस."

बसकर त्यांनी कुणाच्या हातात दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी गेले तेव्हा आवर्तन नुकतंच सुटलं होतं आणि ऑफिसला कुलूप होतं. आबा चारीवर गेले होते. मीही चारीच्या कडेनं चालत गेले. एका लिंबाखाली सावली बघून बसकर टाकलं आणि सरांसारखे डोळे मिटले. चारी अजून कोरडी होती. तळाला वाळलेलं शेवाळ, मातीला भेगा. वारा लिंबातून जायचा तेव्हा पाणी वाहिल्यासारखा आवाज यायचा आणि मी फसायचे. लांब कुठेतरी साळुंक्या भांडत होत्या. उन्हानं पापण्या आतून केशरी झाल्या होत्या. मग एक मोटारसायकल थांबल्याचं ऐकू आलं आणि पाठोपाठ माणसाचा आवाज, फोनवरचा.

"कुठवर आलंय रं?"

थोड्या वेळानं पलीकडच्या मक्यातून दुसरा आवाज, "पानी कुठवर आलं?"

मग बांधावरून बाईचा, "आत्ता कुठवर हाय म्हनं?"

मला झोप लागली होती की नाही, कोण जाणे. पण मी तिसगावात होते. उन्हाळा होता, घागरी, हंडे, प्लॅस्टिकचे ड्रम रस्त्याच्या कडेला ओळीनं ठेवलेले होते आणि आई पदर डोक्यावर घेऊन दगडावर बसली होती. मी फाट्यावर उभी होते. आई ओरडत होती, "टँकर कुठवर आला गं?" आणि मी ओरडून सांगत होते, "घाटाखाली! आता वळणावर! आता शाळेपाशी!" माझ्या सगळ्या लहानपणात टँकर कधी येणार असं कोणी कोणाला विचारलं नव्हतं. कधी, हे सांगणारा माणूस कुठेतरी लांब ऑफिसात बसलेला असतो आणि त्याच्या सांगण्यावर कोणाचा भरवसा नसतो. कुठवर, हे मात्र वरच्या वळणावर उभा असलेला आपलाच माणूस सांगू शकतो.

आणि मी या लोकांना वेळा लिहून दिल्या होत्या. मिनिटांसकट.

"पोरी, हितं काय बसलीस उन्हात?"

समोर आबा उभे होते. मी गडबडीनं उठले. त्यांनी सवयीनं खिशातलं पेन काढलं. "शेठचा फोन आल्ता. कुठं करू सही?"

मी कागद पुढे केला. आबांनी तो मोटारसायकलच्या सीटवर ठेवला आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हां, बोल... आत्ता फाट्याचा पूल वलांडलाय. मारुतीपाशी आलं की सांगतो... व्हय, सांगतो म्हनलं ना." फोन खिशात टाकून ते पेनाचं टोपण काढायला लागले.

मी कागदावर हात ठेवला. "आबा, सही नको."

"आं? का गं?"

"नको. मला हे परत करायचंय."

"आगं, चालंल म्हनलो की आमी."

"म्हणूनच नको. पुढच्या आवर्तनाला घेऊन येते. तेव्हा आवडलं नाही तर सरळ नको म्हणा."

आबा हसले. त्यांच्या हसण्यात थोडी शरम होती. "नको कसं म्हनायचं पोरी? एवढ्या लांबनं येतीस, घाम गाळतीस. तोंडावर नको म्हनायचं बरं दिसतं का?"

परतल्यावर शेठ माझ्यावर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या आवर्तनाला नाही झालं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. सांगून ठेवतो, नंतर रडू नका."

वर जाऊन मी सरांना बसकर परत दिलं आणि ऐकलेलं सांगितलं. त्यांनी डोळे एवढे मोठे उघडले की मला ते परकेच वाटले. "कुठवर," ते म्हणाले. मग पुन्हा, चव घेतल्यासारखं, "कुठवर." शेवटी म्हणाले, "माझ्या गावाला बारमाही नदी आहे. मी वर्षभर बसलो असतो तरी मला हे ऐकू आलं नसतं. तुला ते तिसगावनं ऐकवलं."

माझं गाव मी कॉलेजात लपवून ठेवायचे. तिसगाव म्हटलं की मुली 'दुष्काळी' म्हणायच्या. त्या दुपारी जिन्यातून उतरताना मला पहिल्यांदा वाटलं, की त्या रस्त्यावरच्या घागरींच्या ओळीनं मला काहीतरी शिकवून पाठवलं होतं.

नवी स्क्रीन फार साधी होती. एक उभी पांढरी रेघ, ती म्हणजे चारी. तिच्यावर लोक ज्या नावांनी बोलतात ती ठिकाणं: फाट्याचा पूल, लिंब, मारुती, जांभूळ, टेल. प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच बटण, 'पाणी आलं'. आपल्या शेतापाशी पाणी पोचलं की दाबायचं. तिथवर रेघ निळी होणार आणि ती सगळ्यांना दिसणार. वेळ कुठेच लिहिलेली नव्हती.

आवर्तनाच्या दिवशी सर आणि मी टेलजवळ एका बाभळीखाली जाऊन बसलो. सर लगेच बसकरावर आडवे झाले. माझं लक्ष मोबाईलवर होतं. रेघ फाट्याच्या पुलापर्यंत निळी झाली, मग लिंबापर्यंत, मग मारुतीपर्यंत. तिथवरचं आबांनीच मोटारसायकलवरून फिरत दाबत आणलं होतं. मग त्यांना दुसरीकडे जावं लागलं असावं. रेघ मारुतीपाशी थांबली ती थांबलीच. ऊन वर चढलं. बाभळीची सावली आखडत आमच्या पायांशी आली. मला डोळ्यांपुढे झेरॉक्सचं मशीन दिसायला लागलं. वडिलांचा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. मी त्यांना काय सांगणार होते?

"सर, कोणीच दाबत नाहीये."

सरांनी फक्त कूस बदलली.

तेवढ्यात समोरच्या शेतातून आवाज आला. साठीच्या एक बाई, काष्टा वर खोचलेला, एका हातात फावडं, दुसऱ्या हातात मोबाईल. "ए पोरी! तूच का ती मोबाईलवाली?"

"हो, मावशी."

"हे काय केलंय येड्यावानी? तुझ्या मोबाईलात पानी मारुतीपाशी बसून ऱ्हायलंय, आन हितं माझ्या पायात आलंय!"

मी धावत बांधावर गेले. खरंच पाणी आलं होतं. गढूळ, फेसाळ, पुढे काड्या ढकलत, जागोजागी थांबून जमीन चाखत येत होतं.

"मग दाबा ना मावशी, ते बटण."

"मी दाबायचं? मला वाटलं हापिसातनं दाबत्यात."

"नाही. ज्याच्या पायात पाणी, त्यानं दाबायचं."

मावशींनी माझ्याकडे संशयानं बघितलं. फावडं काखेत धरलं, बोट पदराला पुसलं आणि बटण दाबलं. रेघ टोकापर्यंत निळी झाली. "आगं बया," त्या म्हणाल्या, "सरकलं की!" मग त्यांनी वरच्या शेतातल्या माणसाला हाक मारली, "आरं, आपुनच दाबायचं हाय ते! हापिसवाले न्हाई दाबत!" ती हाक शेताशेतातून वर गेली, वाटेत बदलत, हसत.

आणि मग माझी खरडपट्टी सुरू झाली. "आन हे जांभूळ काय लिवलंय? जांभूळ कवाच तोडलं. तिथं आता बोअर हाय. आन अक्षरं एवढी बारीक, मुंग्या चालल्यावानी. आन उन्हात हे निळं दिसत न्हाई बाई, दुसरा रंग घे. आन पानी आल्यावर फुडं कुनाची पाळी चाललीय ते कुठं हाय ह्यात?"

मागून सरांचा आवाज आला. ते बसकरावर उठून बसले होते, केसांत बाभळीची पानं. "लिहून घेतेस ना?"

"घेते, सर."

"सगळं घे. आता मागायला लागले."

दुपारी आबा आले. तेही सांगायला लागले, हे नको, ते असं नको, टेलच्या माणसाला आधी दिसलं पाहिजे. सहीचं मी विचारलंच नाही. त्यांनीच सांगितलं, "सही करतो, पन आधी हे नीट कर. आन शेठला फोन केलाय मी. म्हनलं, आमच्याकडं हीच पोरगी पाठवा, दुसरं कुनी नको."

थोड्या वेळानं शेठचा फोन आला. ते नेहमीसारखे खाकरले. "मॅडम, उद्या येताना शाळा-कॉलेजचे सगळे कागद घेऊन या. ऑर्डरला लागतात." मी "हो शेठ" म्हणाले. वडिलांना फोन लावायला म्हणून मी बांधाच्या कडेला गेले. नंबर सारखा चुकत होता.

सरांनी मला खुणेनं थांबवलं. तोंडावर बोट, डोळे मिटलेले. "ऐक," ते म्हणाले.

मावशींचा फोन वाजत होता. चारीच्या तोंडाशी त्यांचा भाऊ राहायचा. दर आवर्तनाला तो पहाटेपासून फोन करून बहिणीला सांगायचा, पाणी कुठवर आलं. त्यांनी ओल्या हातानं फोन कानाला लावला.

"हां दादा... व्हय, दिसलं मला. आलं हितं... न्हाई, पोचलं समदं."

मग त्या गप्प झाल्या. भावालाही आता सांगायला काही उरलं नव्हतं. पाणी सरीसरीतून पुढे चाललं होतं आणि त्याचा बारीक आवाज येत होता. मावशी फावड्यावर रेलून उभ्या राहिल्या. फोन ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"मग," त्या शेवटी म्हणाल्या, "जेवलास का?"